निकितिनच्या वाटेवरचे फोटो भिंतीवर लावताना

प्रश्न असा होता: आम्ही अलिबाग-चौल भागातले काही हौशी छायाचित्रकार. पंधराव्या शतकात रशियातून निघून चौलला उतरलेल्या अफनासी निकितिनच्या वाटेवर चौल, पाली, जुन्नर, बीदर, दाभोळ असे फोटो काढले आहेत. गावातल्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे. फोटो निवडायचे कसे? रशिया-इराणचा भाग आमच्याकडे नाही, त्याचं काय करायचं? प्रिंट केवढे काढावेत? आणि त्या काळची दृश्यं एआयकडून करून घेतली तर चालतील का?

तुम्ही पाठवलेले निवडक साठ फोटो नीट पाहिले. हात चांगला आहे, प्रकाशाची जाण आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. या साठांतल्या निम्म्याहून जास्त फोटोंत जी वास्तू दिसते ती निकितिनने पाहिलेलीच नाही.

रेवदंड्याची तटबंदी पोर्तुगीजांची, सोळाव्या शतकातली. खाडीपलीकडचा कोर्लईही त्यांचाच. निकितिन चौलला उतरला तेव्हा वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून पाव शतक बाकी होतं. पालीच्या बल्लाळेश्वराचं आजचं दगडी देऊळ पेशवाईतलं. जुन्नरचा हबशी घुमट निजामशाहीतला मानतात आणि निजामशाहीच मुळी १४९० ची. बीदरच्या रंगीन महालाची जी कलाकुसर तुम्ही इतक्या प्रेमाने टिपली आहे ती बरीदशाहीतली, म्हणजे बहमनी राज्य मोडल्यानंतरची. आणि दाभोळची जी मशीद तुम्ही निमंत्रणपत्रिकेवर छापायची म्हणताय ती १५५९ च्या सुमाराची. तोवर निकितिनला जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती.

जुन्या प्रवाशाच्या वाटेवर कॅमेरा घेऊन निघालेल्या बहुतेकांचं असंच होतं. हात आपोआप किल्ल्याकडे, घुमटाकडे, कमानीकडे वळतो, कारण फोटो तिथे सोपा मिळतो. भिंतीवर लागल्यावर लोक किल्ल्याचं कौतुक करतात आणि ज्याच्या नावाने प्रदर्शन भरवलं तो माणूस निमंत्रणपत्रिकेपुरता उरतो. तुमच्या वाटेवर ही अडचण जरा जास्तच आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक देखण्या वास्तू त्याच्यानंतरच्या आहेत.

तेव्हा निवडीचं सूत्र बदला. ठिकाणांवरून फोटो लावू नका, त्याच्या मजकुरावरून लावा. त्याने जे लिहिलंय त्यातलं काय आजही कॅमेऱ्यात येतं, एवढाच प्रश्न प्रत्येक फोटोला विचारा. मायकेल यामाशिता या अमेरिकी छायाचित्रकाराने मार्को पोलोच्या वाटेवर केलेलं काम नॅशनल जिओग्राफिकने २००१ मध्ये तीन अंकांत छापलं. त्याने केलं ते हेच. पोलोने कशाचं वर्णन केलंय ते आधी वाचायचं, आणि मग ती गोष्ट आज कुठल्या रूपात उरली आहे ते शोधत जायचं. निकितिनचा मजकूर पोलोच्या मानाने फार छोटा, तासा-दीड तासात वाचून होतो. गटातल्या प्रत्येकाने तो पूर्ण वाचलेला असलाच पाहिजे. इंग्रजी भाषांतर १८५७ पासून उपलब्ध आहे.

जे वाचणार नाहीत त्यांच्यासाठी, आणि तुमच्या पहिल्या पॅनेलसाठीही, थोडक्यात सांगतो. निकितिन व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी. नदीने खाली कॅस्पियनकडे निघाला, अस्त्राखानजवळ तार्तरांनी लुटलं, मग देर्बेंत, बाकू, इराण ओलांडून होर्मुझला पोहोचला आणि तिथून घोडे वाहणाऱ्या जहाजातून चौलला. बहमनी राज्यात तीनेक वर्षं काढून दाभोळहून परत फिरला, काळा समुद्र ओलांडला आणि घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. टिपणं व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवली आणि १४७५ मध्ये ती तिथल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या हाती आली. प्रवासाच्या सालांबद्दल दोन मतं आहेत: जुनं १४६६ ते १४७२, नंतरचं १४६८ ते १४७५. पॅनेलवर दोन्ही द्या. एकच छापलंत तर पहिल्याच दिवशी कुणीतरी इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक येऊन दुसरं सांगतील, आणि मग ते तासभर हलणार नाहीत.

आता मुद्द्याचं. मी असतो तर हे सगळं प्रदर्शन घोड्यावर उभं केलं असतं.

कारण निकितिन आपल्याकडे आला तोच एक घोडा विकायला. हिंदुस्थानात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात, असं तो लिहितो. त्या एका घोड्यात त्याचे शंभर रूबल अडकले होते. बहमनी फौजेला घोडे हवे असायचे आणि ते इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे चौल-दाभोळला उतरायचे. आपल्या किनाऱ्याच्या त्या काळच्या श्रीमंतीत या व्यापाराचा वाटा मोठा. पुढे जुन्नरचा सुभेदार असदखान त्याचा घोडा काढून घेतो. धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडा गेलाच, शिवाय तुझ्याकडूनच हजार नाणी वसूल. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात खोजा महंमद नावाचा एक खुरासानी येतो, रदबदली करतो आणि घोडा सुटतो. मग तो घोडा घेऊन निकितिन बीदरला जातो आणि तिथे विकतो. तोवर वर्षभर त्याला खाऊ घातलेलं असतं, आणि त्यावर किती फुतुन (त्या काळची नाणी) खर्च आला तेही त्याने टिपून ठेवलंय: ६८. व्यापाऱ्याची जात, हिशेब सुटत नाही.

म्हणजे किनारा, घाट, जुन्नर आणि बीदर एकाच धाग्यात ओवणारी गोष्ट तुमच्याकडे तयार आहे, आणि तुमच्या साठ फोटोंत एकही घोडा नाही.

घोडे कुठे मिळतील? नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे आहेत, माथेरानला आहेत. पण खरा फोटो मिळेल तो नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत. मार्गशीर्षात भरते, घोडेबाजार मोठा, आणि बीदर तिथून फार लांब नाही. निकितिनने बीदरजवळच्या आळंदच्या जत्रेचं वर्णन केलंय: शेख अलाउद्दीनच्या नावाची जत्रा, दहा दिवस चालणारी, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येत. माळेगाव म्हणजे ती जत्रा नव्हे, आणि कॅप्शनमध्ये ते स्पष्ट लिहा. पण गिऱ्हाइकाने घोड्याचं तोंड उघडून दात बघणं, दलालाने उपरण्याखाली हात घेऊन बोटांवर भाव ठरवणं, खूर उचलून नाल तपासणं हे सगळं तिथे अजून बघायला मिळतं. नंदुरबारकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आहे, तीही घोड्यांचीच, पण तिथे आता महोत्सवाची रोषणाई फार.

आणि एक फोटो मुद्दाम मिळवा: तोबरा चढवलेला घोडा, किंवा घमेल्यात भिजवलेले हरभरे. निकितिन लिहितो की इथे घोड्यांना हरभरा घालतात, आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून तीही चारतात. माझ्या अंदाजाने तुमच्या प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ याच फोटोसमोर थांबतील. आपल्या ताटातली खिचडी घोड्याच्या तोबऱ्यात गेलेली वाचून लोक एकमेकांना कोपराने ढोसतात आणि हसतात. पहिल्या पाच मिनिटांत असं हसू आलं की पुढचं सगळं लोक मन लावून बघतात.

असदखानाच्या प्रसंगासाठी मात्र फोटो शोधत बसू नका. रिकाम्या दावणीचा, तुटक्या दोरखंडाचा फोटो लावायचा मोह होईल. नको. तिथे भिंतीवर फक्त मजकूर ठेवा, मोठ्या अक्षरात, पाच-सहा ओळी. चित्रांच्या ओळीत एकदा असा नुसता मजकूर आला की माणूस थांबून वाचतो.

दुसरी मोठी गोष्ट ऋतूची. तुमचे चौल ते जुन्नरचे जवळजवळ सगळे फोटो डिसेंबर-जानेवारीतले दिसतात: निळं आभाळ, पिवळं गवत, लांब सावल्या. निकितिनचाच हिशेब मांडा. तो होर्मुझहून ईस्टरनंतरच्या आठवड्यात निघतो, सहा आठवडे समुद्रात असतो आणि ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास चौलला उतरतो. दोन्हींपैकी कुठलंही साल धरलं तरी आजच्या कॅलेंडरने हे मे अखेर ते जूनचा मध्य असं येतं. पाऊस ट्रिनिटीच्या सणापासून लागला असं तो सांगतो, आणि तो सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी असतो. म्हणजे चौलहून तो निघाला तो पावसाच्या तोंडावर, आणि घाट चढला तो भर पावसात, घोड्याचा लगाम धरून. मग जुन्नरला मुक्काम. चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असं त्याचं वर्णन आहे. पाऊस ओसरण्याआधीच, ऑगस्टच्या मध्याला, तो बीदरकडे निघाला आणि महिनाभर चालत होता.

म्हणून प्रदर्शन यंदाच्या थंडीत भरवायची घाई करू नका. एक पावसाळा मध्ये जाऊ द्या. जूनमध्ये रेवदंड्याला मासेमारीबंदीमुळे होड्या वर ओढलेल्या असतात, निळी ताडपत्री किंवा झापं घालून शाकारलेल्या, आणि मागे खवळलेला गढूळ समुद्र. तुमच्या सूर्यास्ताच्या सहा फोटोंपेक्षा हा एक फोटो जास्त बोलेल. (सूर्यास्त सहाही काढून टाका. निकितिनने सूर्यास्ताबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.) जुलैत जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जा, आपटाळे, घाटघरकडे. तिथे भाताची लावणी चाललेली असते, खाचरात गुडघाभर चिखल. या दिवसांतच इथले लोक नांगरतात आणि भात, हरभरा पेरतात हे निकितिनने टिपलंय. कोकणातून आलेल्या तुम्हाला त्यात नवल वाटणार नाही, पण उत्तरेतल्या बर्फातून आलेल्या माणसाला भर पावसात शेत पिकवणारी माणसं दिसली. तो चिखल त्याच्या नजरेने बघायचा प्रयत्न करा. कॅमेरा खाली ठेवा, पाय, खूर, औताचा फाळ. पाऊस रेघांसारखा हवा तर शटर सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जलद नको. थेंब थिजवायचे असतील तर पाचशेच्या पुढे. आणि छत्री धरायला एक न कुरकुरणारा सोबती.

जुन्नरला शिवनेरीचं काय करायचं हा नाजूक प्रश्न आहे. निकितिनने जुन्नरचं वर्णन केलंय की गाव खडकाच्या बेटावर आहे, तट माणसाने नव्हे तर देवाने घडवलेला, वर जायची वाट इतकी अरुंद की दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत. ते शिवनेरीशी जोडलं जातं. पण मराठी माणसाला शिवनेरीचा फोटो दाखवलात की त्याच्या डोक्यात १६३० येतं, शिवजन्म येतो आणि मग निकितिन कुणाला आठवणार! हा दोष प्रेक्षकाचा नाही. तुम्ही दरवाजे, शिवकुंज, पाळणा हे सगळं वगळा. खालून, पावसाळी ढगात अर्धा बुडालेला नुसता कातळ दाखवा, किंवा खडकात खोदलेली एक माणूस मावेल अशी पायवाट. कॅप्शनमध्ये आधी निकितिनचं वर्णन, मग ठिकाणाचं नाव.

नाणेघाटाचे तुमचे चार फोटो अप्रतिम आहेत आणि चारही काढावे लागतील. तो नाणेघाटाने चढला असं त्याने कुठे लिहिलेलं नाही. चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उम्री दहा दिवस, तिथून पुढे जुन्नर, एवढंच तो देतो. उम्री कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. चौल-पाली आज साठ-सत्तर किलोमीटर, गाडीने दोनेक तास. त्याला आठ दिवस का लागले याचं उत्तर कुणी फरसाण खात-खात देईल, तुम्ही छापू नका. नकाशावर चौल ते जुन्नर हा भाग तुटक रेषेने काढा, उम्रीपुढे प्रश्नचिन्ह ठेवा. लोकांना प्रश्नचिन्ह आवडतं, ते बोट ठेवून वाद घालतात आणि त्यातल्या एखाद्याला आजोबांकडून ऐकलेली जुनी वाटही माहीत असते.

बीदरमध्ये तुमच्याकडे खूप आहे. इथे वास्तू दाखवायला हरकत नाही, कारण किल्ला आणि तट त्याच्या आधीचे आहेत, सोळखांबी मशीद आहे, अष्टूरच्या बहमनी सुलतानांच्या थडग्यांपैकी काही आहेत. बहमनी वजीर महमूद गावानच्या मदरशाची गंमत वेगळी. तो १४७२ चा. जुनी सालं धरलीत तर निकितिन बीदरला असताना तिथे परांच्या बांधलेल्या असणार. नंतरची धरलीत तर निळ्या-पिवळ्या फरशांचा मनोरा नवाकोरा चमकत असणार. त्याने मात्र मदरशाचा उल्लेख केलेला नाही. त्याने लिहिलंय ते राजवाड्याच्या सात दरवाज्यांबद्दल. प्रत्येक दरवाज्यात शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं ते लिहून घेणारे. आज किल्ल्याच्या दरवाज्यात तिकीट फाडणारा माणूस आणि त्याची नोंदवही आहे. परवानगी घेऊन त्याच्या हातांचा फोटो काढा. हा माझ्या मते तुमच्या बीदर भागाचा मुख्य फोटो होऊ शकतो. आणि हो, बीदरच्या रस्त्यांवर दोन-दोन साझेन, म्हणजे चारेक मीटर, लांबीचे साप फिरतात असंही तो सांगतो. त्याचा फोटो काढायला जाऊ नका.

बीदरबद्दल त्याचं एक निरीक्षण प्रदर्शनाच्या मध्यावर यायला हवं: खेड्यातली माणसं अगदी उघडी-नागडी, आणि सरदार मात्र बलाढ्य आणि विलासी, चांदीच्या पालख्यांतून फिरणारे. बहमनी वैभवाच्या जोडीला हे वाक्य कुठल्या फोटोखाली लावायचं ते तुमच्यातच बसून ठरवा. एवढंच सांगतो की आजच्या गरीब माणसाचा चेहरा घेऊन त्याच्याखाली पाचशे वर्षांपूर्वीचं ते वाक्य चिकटवू नका. त्या माणसाने त्यासाठी तुम्हाला फोटो काढू दिलेला नसतो. हातगाडी, चप्पल, वीटभट्टी, काहीही चालेल; चेहरा नको.

एक रात्रीचा फोटोही हवा. लुटालुटीत त्याची धर्मपुस्तकं गेली, त्यामुळे सणांच्या तारखा त्याला अंदाजाने धराव्या लागत, आणि ती टोचणी मजकुरात पुन्हा पुन्हा येते. बीदरला ईस्टरच्या दिवशी आभाळात काय दिसलं ते त्याने लिहून ठेवलंय: कृत्तिका आणि मृग संधिप्रकाशात शिरलेले, सप्तर्षीचं डोकं पूर्वेकडे. हे आजही तसंच दिसतं. एप्रिलमध्ये सूर्यास्तानंतर तासाभराने पश्चिमेला कृत्तिका आणि मृग खाली गेलेले, ईशान्येला सप्तर्षी वर चढलेला. किल्ला रात्री बंद असतो. गावाच्या उजेडापासून लांब, अष्टूरच्या पुढे कुठेतरी रस्त्याकडेला उभे राहा. चोवीस मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, आणि वीस सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा होतात. सगळ्या प्रदर्शनात निकितिनने पाहिलेली आणि जराही न बदललेली गोष्ट हीच.

श्रीशैलला तुम्ही गेलाच नाहीत, हे खटकलं. महाशिवरात्रीला तो बीदरच्या हिंदू मित्रांबरोबर तिथे गेला होता. आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, हे सांगितल्यावर त्या लोकांनी त्याच्यापासून खाणं, पूजा, घरातली माणसं काही लपवायचं सोडून दिलं. यात्रेला आलेली माणसं मुंडण करतात हे त्याने टिपलंय, काळ्या दगडाचा सोन्याने मढवलेला भला मोठा नंदी टिपलाय, लोक त्याच्या खुराचं चुंबन घेतात आणि वर फुलं उधळतात हेही. देवळात कॅमेरा नेऊ देत नाहीत. बाहेर न्हावी आहेत, वस्तरे आहेत, नुकती डोकी भादरलेली पोरं आहेत. तेवढं पुरे.

रशिया-इराणचा भाग. इंटरनेटवरचे फोटो उचलून लावू नका. कायद्याने नाहीच, शिवाय दुसऱ्याच्या नजरेचे वीस फोटो मध्ये घुसले की तुमचं प्रदर्शन सपाट होतं. उरते ती खोगीरभरती. सरळ नावातच सांगा की हे चौल ते दाभोळ आहे, आणि बाकीचा प्रवास एका मोठ्या नकाशावर दाखवा: सहा फूट रुंद, त्यावर तीन समुद्र, कॅस्पियन, अरबी आणि काळा. फारच वाटलं तर दोन-तीन फोटो परवान्याने घ्या, छायाचित्रकाराचं नाव ठळक देऊन. माझी निवड सांगतो. पहिला, कल्याझिनचा घंटामनोरा. निकितिन निघताना कल्याझिनच्या मठात थांबला, मठाधिपती माकारीचा आशीर्वाद घेतला. १९४० च्या सुमारास धरणाच्या पाण्यासाठी तो मठ पाडला, जागा बुडाली, आणि आज तिथे जलाशयातून एका वेगळ्या चर्चचा मनोरा तेवढा वर निघालेला दिसतो. मनोरा १८०० च्या सुमाराचा, पण गोष्ट सांगायला बरोबर. दुसरा, देर्बेंतचा इराणच्या सासानी राजांनी बांधलेला तट, जो निकितिनच्याही आधी नऊशे वर्षांचा. बाकूचं आतिशगाह, म्हणजे अग्निमंदिर, टाळा. तिथे देवनागरी शिलालेख आहेत म्हणून तुम्हाला ते लावावंसं वाटेल, पण ते मंदिर सतराव्या-अठराव्या शतकातलं. होर्मुझच्या बेटावरचा लाल किल्ला पुन्हा पोर्तुगीजांचाच.

एआयबद्दल थोडक्यात: नको. छायाचित्राच्या प्रदर्शनात तुमची पत एवढीच की तुमच्यातलं कुणीतरी तिथे उभं राहून बटण दाबलं. एका फोटोबद्दल शंका आली की बाकीच्या एकोणचाळीसांवरही येते. शिवाय त्या यंत्राला पंधराव्या शतकातला चौल माहीत नाही. ते तुम्हाला अरेबियन नाइट्सचा बाजार काढून देईल.

एकोणचाळीस म्हणालो ते उगाच नाही. चाळीसच्या वर जाऊ नका. दहा-बारा मोठे, बाकी मध्यम. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो वीस बाय तेरा इंचाला तीनशे डीपीआयने उत्तम येतो, तीस बाय वीसला दोनशेने, आणि त्या आकाराला माणूस दोन पावलं मागेच उभा राहतो, त्यामुळे चालून जातं. फ्लेक्सवर छापू नका, कितीही स्वस्त पडलं तरी. मॅट कागदावर पिगमेंट प्रिंट, पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर चिकटवलेला, काच न लावता. काचेत ट्यूबलाइट दिसते आणि फोटो दिसत नाही. कोकणातल्या दमट हवेत कागद कडांना उचलतो, म्हणून प्रिंट मिळाल्यापासून टांगेपर्यंत सपाट ठेवा, पॉलिथिनमध्ये गुंडाळून भिंतीला टेकवून नको. टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या किंचित खाली. शाळेची मुलं येणार असतील तर तोबऱ्याचा फोटो आणखी सहा इंच खाली घ्या. सभागृहातल्या ट्यूबलाइट बंद करून भाड्याने उबदार एलईडी स्पॉट मिळाले तर खर्च सार्थकी लागेल.

कॅप्शन तीन ओळींपेक्षा मोठी नको, अक्षर अठरा पॉइंटच्या खाली नको. तुमचं एक कॅप्शन आहे: “निसर्गरम्य पाली परिसरातील नयनमनोहर सरसगड.” त्याऐवजी: “पाली. चौलहून घोडा घेऊन निघालेला निकितिन आठ दिवसांनी इथे पोहोचला. मागे सरसगड; फोटो जुलैतला.” महिना लिहाच. मजकूर निकितिनचा असेल तिथे तिरपं अक्षर, तुमचा असेल तिथे सरळ, म्हणजे कोण बोलतंय हे वाचणाऱ्याला कळतं.

परवानग्या: शिवनेरी, बीदरचा किल्ला, मदरसा ही पुरातत्त्व खात्याकडची स्मारकं. साध्या कॅमेऱ्याला अडवत नाहीत. ट्रायपॉड लावायचा तर अर्ज करा आणि ड्रोनचा विचार सोडा. माळेगावला घोड्यांच्या मालकांना विचारून फोटो काढा आणि नंतर प्रिंट पाठवा.

दाभोळचा शेवट तुमच्या फेरीबोटीच्या फोटोने होऊ द्या, तो छान आहे: धोपाव्याच्या बाजूने निघालेली बोट, वर दुचाक्या आणि टेम्पो. दाभोळ हे मोठं बंदर, इथे मिसर, अरबस्तान, खुरासानहून घोडे येतात असं तो लिहितो, आणि इथूनच होर्मुझला जायचं भाडं दोन सोन्याची नाणी. फेरीबोटीच्या तिकिटाचा दर त्या फोटोच्या कॅप्शनमध्ये घाला.

निवड करताना सगळे फोटो आधी पोस्टकार्ड आकारात छापा, सतरंजीवर पसरा आणि गटाबाहेरच्या दोघांना बोलवा, शक्यतो ज्यांना निकितिन कोण हे माहीत नाही अशांना. ज्या फोटोला तुम्हाला तोंडी गोष्ट सांगावी लागते तो बाजूला करा. आणि उद्घाटनाला खरा घोडा आणायची कल्पना तुमच्यातल्या कुणाला तरी सुचणारच आहे. सभागृहाची फरशी गुळगुळीत असते, नाल घसरतात. बाहेर मैदानात बांधा, हरभरे द्या.